ब्रेकबाईंची प्लीहा

शिकवणीच्या गाडीत डावीकडच्या सीटसमोर एक जादा ब्रेक असतो. पंचवीसेक वर्षं झाली, तो ब्रेक माझ्या मावशीच्या पायाखाली आहे. शिकणारी माणसं तिला समोरासमोर बाई म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकबाई. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचा तिला थोडा अभिमानही आहे. मात्र दुसऱ्यांना थांबवण्यात आयुष्य घालवलेल्या या बाईला स्वतःला क्षणभर थांबणं जमत नाही. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य ती पुरं करते. लिफ्टची वाट बघत नाही, जिने चढते. कुणी भाजी चिरत बसलं असेल तर त्याच्या हातातली सुरी काढून घेते. तिच्याबरोबर राहायचं म्हणजे सतत कुणीतरी मागून हॉर्न वाजवतंय असं वाटतं. काका, म्हणजे तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो. तो जगातला सगळ्यात सावकाश माणूस आहे. त्या दोघांचं लग्न टिकलं कसं, हे आमच्या घरात कुणालाच उलगडलेलं नाही.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझं काम घरून चालतं. घरून काम म्हणजे काम नाहीच, असा आमच्या सगळ्या नातेवाइकांचा पक्का समज आहे. त्यामुळे दवाखान्यात बसायची पाळी माझ्यावर येणार हे ठरलेलंच होतं.

झालं असं. मावशीकडे त्या वेळी एक बँकेतले साहेब गाडी शिकायला येत होते. निवृत्तीला आलेले, अतिशय सभ्य, आणि उजवा पाय कुठला नि डावा कुठला याबाबत कायम साशंक. एका इमारतीच्या फाटकातून गाडी वळवताना त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. मावशीने आपला ब्रेक लावला, पण तोवर गाडीची डावी बाजू फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली होती. दार आत चेपलं आणि दाराचं हँडल तिच्या बरगड्यांत बसलं.

दुसरं कुणी असतं तर तिथेच कण्हत बसलं असतं. मावशी साहेबांच्या बाजूने बाहेर पडली, गाडीभोवती चक्कर मारून आली, आणि थरथर कापणाऱ्या साहेबांना म्हणाली, "चला, बसा परत. गाडी ड्रायव्हिंगच्या शाळेपर्यंत तुम्हीच न्यायची."

"बाई, मला नाही जमणार आज."

"आज नाही चालवलीत तर पुन्हा कधीच चालवणार नाही. बसा."

साहेबांनी गाडी नेली. मावशी घरी आली आणि म्हणाली, डावा खांदा दुखतोय. मी म्हटलं, दाखवून येऊ. ती म्हणाली, खांदा दुखला म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का. काकाने मलम काढलं आणि संध्याकाळभर त्याच्या त्या सावकाश पद्धतीने तिचा खांदा चोळून दिला. खांद्यावर ओरखडासुद्धा नव्हता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याला धरून खाली बसली. मी वर गेले तेव्हा फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, चेहरा कागदासारखा पांढरा आणि कपाळावर घाम. तरीही काकाला सांगत होती, "अहो, गॅस बंद करा आधी."

दवाखान्यात तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, कुठे दुखतंय. ती म्हणाली, खांदा. त्याने खांदा सोडून तिच्या पोटाच्या डाव्या बाजूवर, बरगड्यांच्या खाली, हलकेच हात ठेवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मावशीच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग सोनोग्राफी झाली, मग शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन झाला, आणि त्यानंतर सर्जनबाई आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज चढवायची कधी गरज पडली नसावी अशा.

"डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते," त्या म्हणाल्या. "मुठीएवढी, मऊ, रक्ताने भरलेली. तिला चीर गेलीय. बऱ्यापैकी खोल आहे. थोडं रक्त पोटात सांडलंय. ते वर जाऊन श्वासाच्या पडद्याला लागतं आणि माणसाला वाटतं खांदा दुखतोय."

काकाने आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांना अजून मलमाचा वास येत होता.

"मग ऑपरेशन कधी करताय?" मावशीने विचारलं.

"करत नाही आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पडून राहायचं. अजिबात हलायचं नाही. आम्ही नाडी बघणार, रक्तदाब बघणार, रक्त तपासत राहणार. सध्या रक्त वाहताना दिसत नाहीये, चिरेवर गुठळी धरलीय. बहुतेकांची प्लीहा अशीच आपोआप भरून येते. नाही आली, तर ऑपरेशनची तयारी आहेच."

"मी नुसती पडून राहू? किती दिवस?"

"सांगते."

"कधी सांगता?"

"दिसेल तसं," सर्जनबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. मावशीचा प्रश्न तसाच सोडून निघून जाणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

इथे मामाची ओळख करून द्यायला हवी. मामा म्हणजे मावशीचा मोठा भाऊ, छापखान्यातला निवृत्त फोरमन. तरुणपणी सायकलवरून पडला आणि हँडल पोटात घुसलं. त्याचीही प्लीहाच फुटली होती. त्या काळी स्कॅन वगैरे काही नव्हतं, पोट उघडायचं आणि बघायचं. डॉक्टरांनी त्याच दिवशी प्लीहा काढून टाकली. हे आख्यान आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. सुरुवातीला त्याला चार बाटल्या रक्त चढलं होतं, अलीकडे त्या दहा झाल्या आहेत. घरात चार माणसं जमली की मामाचा शर्ट वर जातो आणि छातीच्या मध्यापासून बेंबीच्या खालपर्यंतचा तो व्रण सगळ्यांना बघावा लागतो. माझ्या नवऱ्याला तो आमच्या लग्नाच्या बोलण्यांतच बघावा लागला होता.

तर मामा आला तोच तावातावाने.

"पडून राहा? हा काय इलाज झाला? मला आत नेलं, काढली, शिवलं, संपला विषय. आज मी तुमच्यासमोर उभा आहे."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाली. "काढा म्हणावं आणि मोकळं करा. माझे आठ जण परीक्षेला बसायचेत."

"पोटात रक्त सांडलंय आणि हे लोक बघत बसलेत. रक्त तरी चढवलं का?"

"नाही."

"का नाही?"

"मला काय विचारतोस, दादा? मी डॉक्टर आहे का?"

मग तो प्रश्न माझ्याकडे आला. मला त्या आठवड्यात जगातले सगळे प्रश्न विचारले गेले. सकाळी हिमोग्लोबिन किती, दुपारी किती, का कमी झालं, वाढलं का नाही. आई परगावी असते, ती तासातासाला फोन करून सांगायची की तिच्या शेजारणीच्या भावाला असंच झालं होतं आणि त्याचं फार वाईट झालं. मी विचारायचे, त्याला नक्की हेच झालं होतं का. ती म्हणायची, हेच नाही, मूत्रपिंड होतं, पण पोटातच ना.

बँकेचे साहेब रोज येत. हातात सफरचंदं, चेहऱ्यावर फाशीची शिक्षा झाल्याचा भाव. मावशीला सुरुवातीला तोंडाने काही घ्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे सफरचंदं माझ्याकडे साठत गेली. लागलंच तर हाताशी असावं म्हणून मावशीच्या गटाचं रक्त जुळवून ठेवलंय असं कळलं, तेव्हा साहेबांनी आपलं रक्त द्यायचा हट्ट धरला. मी त्यांना रक्तपेढीत घेऊन गेले. तिथल्या तंत्रज्ञाने समजावलं की दिलेलं रक्त तपासून साठ्यात जातं, ते नेमकं याच पेशंटला मिळेल असं नाही.

"म्हणजे माझं रक्त बाईंना जाणार नाही?"

"कुणाला तरी जाईल, साहेब."

साहेब खट्टू झाले, पण खुर्चीवर आडवे झाले. सुई टोचेपर्यंत ठीक होते. यंत्रावरची पिशवी हलायला लागली तशी त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डोळे पांढरे केले. पुढचा तासभर मी त्यांचे पाय उशीवर ठेवून त्यांना ग्लुकोजची बिस्किटं खाऊ घालत होते. वर मावशीला वाटत होतं की मी कँटीनमध्ये मजा मारतेय.

मावशीने वॉर्डला नुसता वात आणला. पलंगावरून हलायचं नाही म्हटल्यावर तिने बसल्या जागेवरून, म्हणजे पडल्या जागेवरून, वाहतूक चालवायला घेतली. तिचा पलंग दाराजवळ होता. ट्रॉली ढकलत कुणी आलं की हिची सूचना तयार. "डावीकडून घे. अरे डावीकडून. मागे बघ आधी." एक वॉर्डबॉय इतका गोंधळला की त्याने जेवणाची गाडी ऑक्सिजनच्या सिलिंडरला धडकवली. मोठ्या सिस्टर येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही पेशंट आहात."

"पण तो बघत नाही कुठे चाललाय."

"तुम्ही बोललात की तुमची नाडी वाढते. नाडी वाढली की मला डॉक्टरांना फोन करावा लागतो. डॉक्टर मला ओरडतात. तेव्हा मेहरबानी करा."

मावशी गप्प झाली आणि डोळ्यांनी दिशा दाखवायला लागली.

हिमोग्लोबिन बारावरून नवावर आलं तेव्हा मामाचा संयम सुटला. सर्जनबाई राउंडला आल्या तसा तो मध्ये उभा राहिला.

"डॉक्टर, नऊ झालंय. तुम्ही रक्त का देत नाही? मला दहा बाटल्या दिल्या होत्या."

"रक्त म्हणजे टॉनिक नाही हो," सर्जनबाई म्हणाल्या. "दुसऱ्या माणसाच्या शरीराचा भाग आहे तो. गरज असेल तेव्हा जीव वाचवतो, नसेल तेव्हा उगाच जोखीम. यांची नाडी स्थिर आहे, दाब स्थिर आहे, लघवी होतेय. नवावर माणूस चालतो."

"आणि ऑपरेशन? एकदाच काढून टाकली की रक्तस्राव थांबला. माझी काढलीच ना?"

त्या एवढा वेळ केसपेपर बघत बोलत होत्या. आता त्यांनी मान वर केली.

"तुमची प्लीहा काढलेली आहे?"

मामाचा हात शर्टाकडे गेला. मी डोळे मिटले. पण सर्जनबाईंनी व्रण बघायची तसदी घेतली नाही.

"लसी घेतल्यात ना सगळ्या?"

"कसल्या लसी?"

"न्यूमोनियाची, मेंदूज्वराची. प्लीहा नसली की काही जंतू शरीरात फार झपाट्याने पसरतात. साधा ताप आला तरी अशा माणसाने घरी थांबायचं नसतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला टाके काढायला बोलावलं होतं," मामा म्हणाला. "आणि वजन उचलू नका म्हणाले होते."

"कधीची गोष्ट?"

मामाने साल सांगितलं. सर्जनबाई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "तेव्हा फारसं सांगत नसत. आता घ्या. खालीच लसीकरणाची खोली आहे." आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या.

मामाने शर्टाची गुंडी लावली आणि निघून गेला. पुढे दोन-तीन दिवस तो फिरकलाच नाही. फोन केला तर मामी म्हणायची, झोपलेत. मावशी माझ्यावर चिडायची. "बोलाव त्याला. भांडायला तरी माणूस पाहिजे ना इथे. तुझा काका बघ." काका पलंगाशेजारी बसून तिच्या चष्म्याच्या काचा पुसत होता. त्याच काचा तो सकाळपासून पुसतच होता.

हळूहळू चित्र सुधारलं. हिमोग्लोबिन नवावर थांबलं. तिला सूप मिळालं, मग मऊ भात. मोठ्या सिस्टरांनी धरून बाथरूमपर्यंत चालवलं. सर्जनबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर उद्या-परवा घरी. मावशीने लगेच शाळेत फोन करून सोमवारपासूनचे तास लावून घेतले. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि तास रद्द केले. त्यावरून आमचं भांडण झालं, आणि तिने माझ्याशी अबोला धरला. मला बरंच वाटलं, तेवढाच आराम.

दुपारी मी खुर्चीत बसून लॅपटॉपवर काम करत होते. एक ट्रॉली दारातून आत येताना चौकटीला घासली. मी वाट पाहिली, पण मावशी काही बोलली नाही. मला वाटलं, अबोल्याचाच भाग. दुसरी ट्रॉली आली. तेव्हाही काही नाही. मी वळून बघितलं तर ती छताकडे बघत होती, ओठ सुकलेले.

"पाणी दे गं थोडं," ती म्हणाली, अगदी हळू, आणि पुढे, "घाई नाही."

मावशीच्या तोंडून 'घाई नाही' ऐकल्यावर मी पाण्याऐवजी सिस्टरांना आणायला धावले.

त्यांनी मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण दाबलं. मग त्या पलंगाभोवती इतकी माणसं जमली की मी भिंतीला चिकटून उभी राहिले. नाडी पळत होती, रक्तदाब उतरला होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा. जुळवून ठेवलेल्या पिशव्यांपैकी एक आली आणि टांगली गेली, पाठोपाठ दुसरी. दाब जरा सावरला तशी तिला पुन्हा स्कॅनला नेलं. तोवर काका आला, आणि काकाने फोन केला म्हणून मामाही.

सर्जनबाई या वेळी उभ्या उभ्याच बोलल्या. प्लीहेच्या आत एका धमनीला फुगा आला होता आणि तो फुटून तिथून रक्त झिरपत होतं.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक, पोट उघडून प्लीहा काढायची. दुसरा, मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी प्लीहेपर्यंत न्यायची आणि गळणाऱ्या वाहिनीत आतूनच बूच बसवायचं. प्लीहा राहते. रक्त चढवल्यावर दाब सावरलाय, म्हणून हा दुसरा रस्ता खुला आहे. नाही जमलं किंवा दाब पुन्हा पडला, तर त्याच पावली ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथे तयारी करून ठेवलीय."

मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण वैताग जागेवर होता. "मी सगळं ऐकलं तुमचं. कूससुद्धा बदलली नाही. मग हे झालंच कसं?"

"तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. काहींना असा उशिरा रक्तस्राव होतो. कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर ठेवून घेतलं होतं."

"म्हणजे मी उगाच पडून राहिले."

"घरी असतात तर इथे वेळेवर पोचला नसतात," सर्जनबाई म्हणाल्या. "ठरवा लवकर."

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं. काकाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला वाटतं," तो म्हणाला, आणि थांबला. त्याला पुढे काय वाटतं हे कळायला संध्याकाळ झाली असती. मावशीने भावाकडे मान वळवली.

"दादा, तू सांग. काढू का?"

मला खात्री होती तो काय म्हणणार. इतके दिवस तेच तर म्हणत होता. मामा पलंगाच्या कठड्याला धरून उभा होता.

"मला न्यूमोनिया झाला होता आठवतं?" तो म्हणाला. "धाकटी पोटात होती तेव्हा. सकाळी कणकण होती म्हणून कामावर गेलो. दुपारी छापखान्यात पडलो. संध्याकाळी नळ्या लावल्या होत्या. डॉक्टरांनी तुझ्या वहिनीला सांगितलं होतं, माणसं बोलावून घ्या."

"आठवतं की."

"सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच म्हणायचो. परवा त्या खालच्या खोलीत लस घ्यायला गेलो. तिथल्या डॉक्टरला हे सांगितलं तर तो म्हणाला, प्लीहा नव्हती म्हणूनच इतकं झपाट्याने झालं असणार." मामाने शर्टाची गुंडी चाचपली. "माझी काढली नसती तर मी सायकलवरून पडलो त्याच दिवशी मेलो असतो. त्या डॉक्टरांनी मला वाचवलं, त्यात वाद नाही. पण तुझी राहत असेल तर राहू दे."

"हे तुला परवा कळलं आणि तू घरी झोपून राहिलास?"

"काय तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने यायचं," मावशी म्हणाली, आणि सर्जनबाईंकडे वळली. "घाला ती नळी. आणि लवकर."

दोन्ही गोष्टींसाठी तिची सही घेतली, आणि तिला नेलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मामा दर थोड्या वेळाने उठून बंद दारापाशी जायचा आणि परत यायचा. बँकेचे साहेब सफरचंदं घेऊन आले, आमचे चेहरे बघून काही न विचारता शेजारी बसले. आईचा फोन आला, मी तो मामाच्या हातात दिला. "काढत नाहीयेत," मामा तिला सांगत होता. "अगं, काढायची नसते हल्ली लगेच. तुला नाही कळायचं ते." गेला आठवडाभर मी हेच वाक्य त्याला सांगत होते. मला तिथल्या तिथे किंचाळावंसं वाटलं.

दार उघडून हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला. म्हणाला, गळती बंद झालीय, दाब चांगला आहे. काकाने एकदम माझा हात धरला. मग तो त्याच्या सवयीप्रमाणे सावकाश, अगदी एकेक हुंदका सुटा करून, रडला. मी त्याला एरवी घाई करते. तेव्हा केली नाही.

पुढचे दिवस मावशीला ताप येत होता आणि कूस दुखत होती. त्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की असं होतं. हिमोग्लोबिन नवावर आलं आणि तिथेच राहिलं. तिसरी पिशवी लागली नाही. पुन्हा स्कॅन करून खात्री केल्यावर सर्जनबाईंनी घरी सोडलं आणि बजावलं, तीन महिने वजन उचलायचं नाही, धक्के खायचे नाहीत, शिकवणीची गाडी तर नाहीच. ताप आला तर लगेच यायचं. मावशीने वाद घालायला तोंड उघडलं, पण सर्जनबाई पुढच्या पलंगाकडे पोचल्याही होत्या.

आता हे तीन महिने कुणी भोगले ते सांगते. मी. मावशी दिवसभर खिडकीत बसायची आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला गुण द्यायची. दवाखान्यात तपासायला जायचं तर काका गाडी चालवायचा. काका रिकाम्या रस्त्यावरही दुसऱ्या गियरच्या वर जात नाही. मावशी मागच्या सीटवर उशी पोटाशी धरून बसायची आणि दात-ओठ खायची. "अहो, सायकलवाला पुढे गेला." काका म्हणायचा, "जाऊ दे की." मी काकाशेजारी बसून दोघांचं ऐकायचे. जिना उतरताना तिचा हात धरला तर ती म्हणायची, मी काय म्हातारी आहे. नाही धरला तर म्हणायची, माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही.

मामा मात्र बदलला. त्याने सगळ्या लसी घेतल्या आणि त्याबद्दल इतक्या तक्रारी केल्या की तेही एक नवं आख्यान होऊ घातलं होतं. मग थंडीत त्याला ताप आला. पूर्वीचा मामा गोळी घेऊन पांघरूण ओढून झोपला असता. यालाही तेच करायचं होतं, पण मामीने मावशीला फोन केला. मावशीने फोनवर त्याला जे सुनावलं ते खालच्या मजल्यावर मला ऐकू आलं. तो कुरकुरत गेला. दोन दिवस इंजेक्शनं घेऊन आला. साधाच ताप निघाला, आणि उगाच घाबरवलं म्हणून तो महिनाभर तिच्यावर रागावून होता. ती म्हणाली, राग खुशाल, जिवंत आहे ना रागवायला.

शेवटच्या तपासणीत सोनोग्राफीच्या पडद्यावर सर्जनबाईंनी तिला प्लीहा दाखवली. करड्या ढगासारखं काहीतरी होतं, मधोमध एक फिकट रेघ. "भरून आलीय," त्या म्हणाल्या. मावशीने डोळे बारीक करून बघितलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "आणि हिच्यासाठी एवढं?"

सर्जनबाई पहिल्यांदाच हसल्या. "आता जा कामावर. पट्टा लावत जा नीट."

ती दुसऱ्याच सकाळी गेली. शाळेने गाडीचं दार बदलून घेतलं होतं. पहिल्या तासाला एक शिंपी होता, गाडीत पहिल्यांदाच बसलेला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. मावशीने गाडी आमच्या इमारतीखालीच आणली होती आणि मी बाल्कनीतून बघत होते. मावशी बसली, पट्टा ओढला, तो कुशीवर जिथे यायचा तिथे क्षणभर हात ठेवून राहिली. मग खिडकीची काच खाली केली आणि मला ओरडून सांगितलं की भाजी आणून ठेव, मला यायला उशीर होईल. गाडी चार हात पुढे गेली आणि गचकन थांबली. परत चार हात गेली, परत थांबली. मी आत जाऊन दार लावून घेतलं. माझं तुंबलेलं काम टेबलावर तसंच पडलं होतं.